रुचकर व्रताच्या बाजूने

मेक्सिकोच्या वायव्य टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठावर एन्सेनाडा नावाचे बंदर आहे. माशाच्या टाकोसाठी ते प्रसिद्ध आहे. पिठात बुडवून तळलेला माशाचा लांबट तुकडा, मक्याची तळहाताएवढी गरम टॉर्टिया, तिच्यावर बारीक चिरलेला कोबी, पांढरी आंबटसर क्रेमा, लिंबू आणि साल्सा, एवढाच त्याचा पसारा. हा टाको सीमा ओलांडून सान दिएगोला गेला आणि तिथून अमेरिकेतल्या घराघरांत पोचला. घरी करणाऱ्यांनी त्यात आपापली भर घातली. कोणी माशाऐवजी कोळंबी घेतली, तर कोणी टोमॅटोच्या साल्साऐवजी आंब्याची किंवा अननसाची ताजी साल्सा केली. मेक्सिकोच्या 2020 च्या जनगणनेत दहातल्या जवळपास आठ लोकांनी आपला धर्म कॅथलिक असल्याचे नोंदवले. या कॅथलिक घरांत राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ आला की शुक्रवारी मांस शिजत नाही. मासे मात्र चालतात. त्यामुळे एरवी गोमांसाच्या टाकोंवर जगणाऱ्या गावांतही त्या शुक्रवारी तव्यांवर मासे आणि कोळंबी दिसू लागतात. इथेच एक जुना धार्मिक प्रश्न उभा राहतो. जे सोडले त्यापेक्षा जे पानात आले ते अधिक चविष्ट असेल, तर ते व्रत म्हणायचे का? कुरकुरीत मासा, त्यावर गोड-आंबट-तिखट आंबा, आणि हे सारे प्रायश्चित्त म्हणून? माझे उत्तर असे की हे व्रतच आहे, आणि पुरते व्रत आहे. व्रत चवीने मोडते ही समजूत फार थोर माणसांनी बाळगलेली आहे, पण ती अपुरी आहे.

आधी नियम काय सांगतो ते पाहू, कारण पुष्कळ गोंधळ नियम न वाचल्याने होतो. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेत दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. एक उपवास, म्हणजे दिवसभरात पोटभर जेवण एकदाच. दुसरे वर्ज्य, म्हणजे मांस न खाणे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी दोन्ही पाळायचे. इतर शुक्रवारी फक्त वर्ज्य. वर्ज्याचे बंधन वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते, उपवासाचे 18 नंतर, आणि साठाव्या वर्षात पाऊल टाकले की उपवासाचे बंधन सुटते. त्याआधी 1966 च्या फेब्रुवारीत पोप सहावे पॉल यांनी या विषयावर जे फर्मान काढले त्यात मांस वर्ज्य ठरवताना अंडी, दूधदुभते आणि प्राण्यांच्या चरबीचे तोंडीलावणेही चालेल असे स्पष्ट म्हटले होते. या साऱ्या तपशिलात चवीविषयी एक अक्षर नाही. पदार्थ बेचव असावा, कमी मीठाचा असावा, मन मारून खावा, असे कुठेही सांगितलेले नाही. पण नियमाने सांगितले नाही म्हणून प्रश्न सुटला, असे म्हणणे ही पळवाट झाली. नियमाचा हेतू काय, हे विचारायलाच हवे.

हेतूच्या बाजूने सर्वांत जोरकस आक्षेप संत ऑगस्टीनचा आहे, आणि तो ऐकताना आजच्या टाकोवरच बोलतोय असे वाटते. ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होता. त्या पंथातले श्रेष्ठी मांसाला शिवत नसत. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याने त्यांच्या आचारावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात दोन माणसे समोरासमोर उभी केली. एक जण दिवसातून एकदा साधी भाजी खातो, तिच्यात डुकराच्या चरबीचा किंचित तुकडा असतो. दुसरा मांस कटाक्षाने टाळतो, पण दुर्मीळ भाज्या, अळंबी, मसाले, नाना तऱ्हेची पक्वान्ने आणि फळांचे रस दिवसातून दोनदा आरामात चापतो. यांतला संयमी कोण? उत्तर उघड आहे. पुढे हिप्पोचा बिशप झाल्यावर उपवासकाळातल्या प्रवचनांतही त्याने हीच तक्रार केली की लोक जुन्या चवी सोडतात आणि त्यांच्या जागी नव्या, महागड्या चवी शोधतात. आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात ते याच दुखण्यावर बोट ठेवून. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, वर रताळ्याचे गोड काप असे पान वाढून झाल्यावर त्याला उपवास म्हणताना अनेकांची जीभ अडखळते. हा आक्षेप क्षुल्लक नाही. तो धर्माच्या बाहेरून आलेला नाही, धर्म मनापासून पाळणाऱ्यांकडूनच आलेला आहे.

शिवाय या बाजूला साक्षीदार भरपूर आहेत. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की आहार सोडणाऱ्या माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मनात उरतेच, आणि ती गोडी परमतत्त्वाचे दर्शन झाल्यावरच जाते. म्हणजे खरा प्रश्न पदार्थाचा नसून गोडीचा आहे. महात्मा गांधींनी 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहिले. त्यांत अस्वाद हे स्वतंत्र व्रत होते. अन्न औषधासारखे घ्यावे, रुचते का याचा विचार न करता शरीराला लागते तेवढे घ्यावे, हा त्याचा गाभा. खुद्द मेक्सिकोतही स्पॅनिश लोक येण्याआधीचा उपवास याच जातीचा होता. मेशिका लोक मोठ्या सणांआधी व्रतस्थ राहत तेव्हा मका सोडत नसत. ते मीठ आणि मिरची सोडत. मक्याची तीच भाकर, पण तिच्यावरचा सारा रस काढून घेतलेला. अशा मेशिका व्रतस्थापुढे कोणी साल्सा घातलेला टाको ठेवला असता तर त्याच्या लेखी ते व्रताच्या नेमके उलट ठरले असते. हिप्पोचा बिशप, गुजरातचा महात्मा, मेशिकांच्या टेनोच्टिट्लानचा पुरोहित आणि गीता, इतक्या दूरदूरच्या साक्षी एका बाजूला पडतात तेव्हा दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्याने जपून बोलायला हवे.

तरीही बोलायला हवे, आणि त्यासाठी आधार ऑगस्टीनच्याच पानांत सापडतो. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात तो खाण्याच्या मोहाची झडती घेतो. तिथे तो स्वच्छ सांगतो की मला भीती अन्नाच्या अशुद्धतेची नाही, वासनेच्या अशुद्धतेची आहे. मग उदाहरणे देतो. नोहाला सर्व प्रकारच्या मांसाची मुभा होती. एलीयाने मांस खाल्ले. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने टोळ खाल्ले. उलट एसाव फसला तो मसुरीच्या आमटीला, आणि सैतानाने येशूला मोह घातला तो भाकरीचा. म्हणजे वासना कशालाही चिकटू शकते, अगदी मसुरीलाही. हे एकदा मान्य केले की चव काढून घेतल्याने वासना जाईल ही आशाही डळमळते. बेचव अन्नालाही अहंकार चिकटतो, मी किती कमी खातो याचा. त्याच भागात ऑगस्टीन कबूल करतो की भूक भागवणे कुठे संपते आणि सुख घेणे कुठे सुरू होते हे त्याला कळत नाही. रोज त्या रेषेवर त्याची झटापट चालते. इतके सूक्ष्म आत्मपरीक्षण करणाऱ्या माणसाला जी रेषा सापडली नाही, ती रेषा लाखो लोकांसाठीच्या नियमात कशी आखणार? नियमाला दिसणारी रेषा लागते. मांस आहे की नाही, हे कोणालाही दिसते. जिभेने सुख घेतले की नाही, हे खाणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

गांधींच्या चरित्रातली एक गोष्ट इथे फार बोलकी आहे. 1915 साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी संकल्प केला की हिंदुस्थानात असताना चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खायचे नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवायचे नाही. पाचच का? सहा का नाहीत? त्याला तात्त्विक उत्तर नाही. अस्वादाचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण त्यालाही रोजच्या जगण्यात आधार लागला तो मोजता येणाऱ्या, काहीशा मनमानी मर्यादेचा. त्या व्रताने आपल्यापुढे ढालीसारखे काम केले, असेच त्यांनी पुढे लिहिले. अस्वाद हे शिखर असेल, पण पायवाट मर्यादेतूनच जाते. मर्यादा पाळणाऱ्याला रोज एक ‘नाही’ म्हणावे लागते, आणि ते ‘नाही’ त्याच्या इच्छेने ठरवलेले नसते. व्रताचे काम इथे होते, असे मला वाटते. हवे ते, हवे तेव्हा, हवे तितके, ही आपल्या काळाची सवय आहे. शुक्रवार आल्यावर समोर शिजवलेले मांस असूनही हात मागे घेणे, तेही आज मूड नाही म्हणून नव्हे, तर आज शुक्रवार आहे म्हणून, यात त्या सवयीला खरा धक्का बसतो. त्यानंतर माशावर आंबा घातला की चिंच, याने तो धक्का पुसला जात नाही.

ओवी लिहिणाऱ्याचे पाहा. पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा चरण आखूड ठेवायचा, ही मर्यादा त्याने स्वतः शोधलेली नाही आणि ती निसर्गाचा नियमही नाही. तरी ती त्याने एकदा मान्य केली की तिच्या आत जितके सुंदर लिहिता येईल तितके तो लिहितो. यमकाने कान सुखावला म्हणून छंद मोडला, असे कोणी म्हणत नाही. उलट शब्दांच्या निवडीला बंधन पडल्यामुळेच जे शब्द एरवी सुचले नसते ते सुचतात. मेक्सिकोच्या उपवासकाळातल्या स्वयंपाकाचा इतिहास असाच आहे. मांस बंद झाले म्हणून निवडुंगाच्या पानांची भाजी, चीज भरलेल्या मिरच्या, सुक्या कोळंबीच्या वड्या, आणि गुळाच्या पाकात भिजवलेल्या पावाची कापिरोतादा असे पदार्थ बहराला आले. कापिरोतादाबद्दल घरोघरी सांगतात की पाव म्हणजे ख्रिस्ताचे शरीर, पाक म्हणजे रक्त, लवंगा म्हणजे खिळे आणि दालचिनी म्हणजे क्रूस. हा पदार्थ गोड आहे, रुचकर आहे, आणि तो खाताना दुःखभोगाची आठवण होते. गोडीने आठवण मारली नाही, तिला घरात मुक्कामाला जागा दिली.

आता दुसरा आक्षेप. मासा हेही मांसच नाही का? हा प्रश्न मुले विचारतात आणि तो बरोबर आहे. संत थॉमस अक्विनसने तेराव्या शतकात याला उत्तर दिले होते. जमिनीवर वावरणाऱ्या आणि हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांचे मांस जिभेला अधिक सुख देते आणि वासना अधिक चेतवते, म्हणून ते वर्ज्य, असे त्याचे म्हणणे. त्याचे शरीरशास्त्र आज टिकत नाही. पण पुढचे वाक्य टिकते. मासाही कधी तितकाच रुचकर असू शकतो, या शंकेवर तो म्हणतो की ख्रिस्तसभा सर्वसाधारणपणे काय घडते ते पाहते, एखाद्याच्या बाबतीत उलटे असू शकेल. माशाच्या टाकोवरची ही सातशे वर्षांपूर्वीची टीप आहे असे मानायला हरकत नाही. मासा आणि मांस यांतली सीमा किती ताणली जाते याचीही उदाहरणे आहेत. व्हेनेझुएलात कापिबारा हा पाण्यात रमणारा मोठा कृंतक प्राणी पवित्र सप्ताहात खातात. 2010 साली न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी लेखी कळवले की मगरीच्या जातीचा अॅलिगेटर या बाबतीत माशांत धरला जातो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे पटणारे नाही. पण सीमा कोणत्या प्राण्यावरून जाते याहून ती सर्वांसाठी एकच आहे आणि माझ्या सोयीने हलत नाही, याला अधिक महत्त्व आहे. हे समजायला मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत श्रावणात मासा बंद होतो. एरवी रोज सुरमई किंवा बांगडा खाणारे महिनाभर त्याकडे पाहत नाहीत. म्हणजे जो मासा एन्सेनाडात व्रताचे अन्न आहे, तोच रत्नागिरीत व्रतासाठी सोडलेले अन्न आहे. दोन्ही घरांतली माणसे खरी व्रतस्थ आहेत. मासा दोन्हीकडे एकच. व्रताचे बळ त्या माशात असते तर हे शक्य झाले नसते.

मर्यादा मनमानी असली तरी ती कोरी राहत नाही, माणसे तिला आपल्या मातीतले भरतात, आणि इथे मेक्सिको आणि महाराष्ट्र यांच्यात एक विलक्षण देवघेव झालेली आहे. आपल्या उपवासाच्या ताटात पाहा. शेंगदाणा, बटाटा, रताळे, हिरवी मिरची, आणि आज ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले आणि पोर्तुगीजांच्या काळापासून आलेले. आणि राजगिरा! ते मेक्सिकोचे धान्य. मेशिका लोक राजगिऱ्याच्या पिठात पाक घालून देवाची मूर्ती घडवत आणि सणाच्या शेवटी तिचे तुकडे करून प्रसाद म्हणून खात. स्पॅनिश धर्मगुरूंना त्यात आपल्याच पवित्र भाकरीची विडंबना दिसली आणि त्यांनी ती प्रथा मोडून काढली. आज मेक्सिकोत फुललेला राजगिरा मधात किंवा गुळात थापून वड्या करतात. आपल्या एकादशीच्या राजगिऱ्याच्या वडीशेजारी ती ठेवली तर ओळखू येणार नाही. उलट दिशेने आंबा गेला. स्पेनची जहाजे 1565 पासून 1815 पर्यंत मनिला आणि अकापुल्को यांच्या दरम्यान ये-जा करत होती. त्या मार्गाने फिलिपिन्सचा आंबा मेक्सिकोत पोचला, आणि तिथल्या एका लोकप्रिय जातीला आजही मनिला म्हणतात. दक्षिण मेक्सिकोत आंब्याचा हंगाम उपवासकाळाच्या सुमारास सुरू होतो. म्हणून शुक्रवारच्या टाकोवर आंबा येतो तो चैन म्हणून मुद्दाम मिळवलेला नसतो. त्या दिवसांत बाजारात जे असते तेच पानात येते.

आंब्याची ती साल्सा घरी करताना काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. आंबा पिकलेला पण घट्ट हवा. फार मऊ झाला तर सुरीखाली त्याचा लगदा होतो. फोडी मिरीएवढ्या नाहीत आणि सुपारीएवढ्याही नाहीत, मधल्या. म्हणजे एका घासात आंबा, कांदा आणि मिरची तिन्ही येतात. लाल कांदा चिरून आधी लिंबाच्या रसात टाकला की त्याचा उग्रपणा जातो. कोथिंबीर शेवटी. मीठ अगदी वाढण्याआधी, कारण मीठ पडताच फोडींना पाणी सुटू लागते, आणि अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी रस साचून टॉर्टिया फाटते. मासा आधी तळून ठेवता येत नाही, टॉर्टिया आधी भाजून ठेवता येत नाही. सारे एका वेळी जुळून यावे लागते आणि घरातल्यांना एका वेळी बसावे लागते. एवढे अवधान जिथे लागते तिथे मनही जागेवर येते. सतराव्या शतकात मेक्सिको शहरातल्या मठात राहणारी संन्यासिनी आणि कवयित्री सोर हुआना इनेस दे ला क्रूझ हिने 1691 साली आपल्या विद्याव्यासंगाचे समर्थन करताना स्वयंपाकघराचा दाखला दिला. अंडे तुपात घट्ट होते आणि पाकात सुटते, साखरेत आंबट पाण्याचा एक थेंब तिला पातळ ठेवतो, अशा निरीक्षणांतून निसर्गाचे गूढ उकलते, असे तिने लिहिले, आणि ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने याहून कितीतरी लिहिले असते असेही म्हटले. याच सोर हुआनाने लहानपणी चीज सोडले होते, कारण चीज खाल्ल्याने बुद्धी मंद होते असे तिच्या कानावर आले होते आणि तिला खाण्यापेक्षा शिकण्याची ओढ जास्त होती. ती समजूत चुकीची होती. पण त्या मुलीचे चीज सोडणे खोटे होते असे म्हणवत नाही. तिने चवीचा द्वेष केला नाही. एका मोठ्या ओढीपुढे एक छोटी ओढ बाजूला ठेवली. आणि मोठेपणी तीच बाई पाकाकडे इतक्या प्रेमाने पाहू शकली.

शास्त्रातूनही रुचकर व्रताला बळ मिळते. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की उपवास करताना उदास चेहरा करून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुम्ही उपवास करता हे लोकांना दिसणार नाही. व्रताने घर सुतकी होऊ नये, ही त्यात अपेक्षा आहे. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी तो शिष्यांसाठी काय मांडून ठेवतो? निखाऱ्यावर भाजलेली मासळी आणि भाकर. रात्रभर जाळी टाकून थकलेल्या कोळ्यांना तो जेवायला बोलावतो. शुक्रवारी मासा खाणाऱ्या घराला या न्याहारीची आठवण झाली तर त्यात वावगे काही नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो खाणाऱ्याला सोडून इतरांकडे बोट दाखवतो. पहिले बोट रांधणाऱ्या बाईकडे. उपवासाचा दिवस म्हणजे घरातल्या स्त्रीला दुप्पट काम, हे मेक्सिकोतही खरे आहे आणि पंढरपुरातही. ज्या व्रताचे पुण्य एकाच्या नावावर आणि घाम दुसरीच्या अंगावर, ते व्रत माझ्या मते अर्धे मोडलेलेच आहे. इथे टाकोची घडणच थोडी मदत करते. तो वाढून मिळत नाही, ज्याचा त्याने भरायचा असतो. कोबी चिरणे, आंबा सोलणे, तव्यावर टॉर्टिया उलटणे ही कामे सहज वाटली जातात. पण ती वाटली गेली पाहिजेत, आपोआप वाटली जात नाहीत. दुसरे बोट गरिबाकडे. यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव विचारतो की मान खाली घालून गोणपाटावर बसणे याला तुम्ही उपवास म्हणता का; मला हवा तो उपवास म्हणजे भुकेल्याला तुमच्या भाकरीतला वाटा देणे. ऑगस्टीनचीही प्रवचनांतली खरी तक्रार हीच होती की जे स्वतःच्या तोंडातून काढले ते गरिबाच्या तोंडात पडावे. या ठिकाणी मी त्याच्यापुढे मान तुकवतो. मासा मांसापेक्षा महाग पडला आणि वाचवलेले काहीच उरले नाही, तर वर्ज्य पाळले गेले पण वाटा राहिला. तो दोष मात्र पैशाचा आहे. आंब्याची गोडी कमी करून तो भरून निघत नाही, खर्च कमी करून आणि देऊन भरून निघतो.

तिसरे बोट समुद्राकडे, आणि हे जुन्या धर्मशास्त्रात नव्हते. बाजा कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोची मुख्य भूमी यांच्यामधल्या आखाताच्या वरच्या टोकाला वाकिता नावाचा छोटा सस्तन जलचर राहतो. जगात दुसरीकडे कुठेही तो नाही. कोळंबीसाठी आणि तोतोआबा या माशासाठी पाण्यात उभी सोडलेली जाळी त्याच्या अंगाभोवती आवळतात, त्याला श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि तो बुडून मरतो. आता साधारण दहाच वाकिता उरले आहेत. तोतोआबा मारला जातो तो मुख्यतः त्याच्या फुग्यासाठी, चीनच्या बाजारात त्याला प्रचंड किंमत येते म्हणून. शुक्रवारच्या ताटाचा त्याच्याशी संबंध नाही. पण कोळंबीशी आहे. मांस टाळण्याच्या व्रतासाठी एक अख्खी जात नाहीशी होत असेल तर त्या व्रताला काय म्हणावे? इथे मर्यादेचा बचाव करणाऱ्यानेच पुढे यायला हवे, कारण त्याच्या हातात उत्तर आहे. नियम ‘मांस खाऊ नका’ एवढेच म्हणतो. ‘मासा खा’ असे तो कुठेही म्हणत नाही. कोळंबी कोणत्या पाण्यातली, कोणत्या जाळ्यातली, हे बाजारात विचारून कळत नसेल तर ती त्या शुक्रवारी घेऊ नये. मेक्सिकोत बटाट्याचे टाको उपवासकाळात पूर्वापार करतात. बटाटा उकडून, कुस्करून, टॉर्टियात भरून ती दुमडायची आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी कडक करायची. वर कोबी तोच, लिंबू तेच, आणि आंब्याची साल्साही तीच.